पंधराव्या वर्षी नाकारलेला गुडघा : हर्मान मायरचे प्रकरण आणि कोल्हापूरची एक तालीम

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, भुदरगड तालुक्यातील एक शेतकरी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन कोल्हापुरातील एका तालमीत आला. मुलगा वर्षभर त्याच तालमीत राहत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत येताना वडिलांना सोबत आण, असा निरोप वस्तादांनी त्याच्याकडेच दिला होता. मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी या तालमीत मुलांच्या वजनांची, मापांची व दुखापतींची नोंदवही ठेवतो, म्हणून त्या बैठकीला मलाही बसवून घेतले होते. मुलाचे वजन ४३ किलो होते. उंची वर्षभरात जेमतेम वाढली होती, आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, सुपारीएवढे टणक उंचवटे आले होते. बैठका पन्नासाच्या पुढे गेल्या की तो खालचा ओठ दातांखाली धरी, पण मोजणी सोडत नसे.

वस्ताद मायाळू माणूस आहेत. पोराच्या अंगात कुस्ती आहे पण हाड नाही, खुराकाचा खर्च शेतातल्या पैशातून किती दिवस चालवायचा याचा विचार करा, असे त्यांनी वडिलांना शांतपणे समजावले. वडील बराच वेळ हौद्यातल्या तांबड्या मातीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "मग ह्येला घिऊन जाऊ का, वस्ताद?"

हा प्रश्न मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. त्याआधी दोन वर्षांपूर्वी, अशाच गुडघ्यांच्या दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांनी तो विचारला तेव्हा वस्तादांनी माझ्याकडे पाहिले होते आणि मी मान डोलावली होती. तो मुलगा गावी गेला आणि त्याची कुस्ती सुटली. पुढे दीड वर्षाने मध्यवर्ती बसस्थानकावर त्यानेच मला हाक मारली. तो माझ्यापेक्षा चार बोटे उंच झाला होता, खांदे भरले होते, आणि गुडघ्यांचे विचारले तर "ते कधीच थांबलं, सर" म्हणाला. पुन्हा येतोस का, असे मी विचारल्यावर त्याने फक्त मान हलवली. त्या रात्री मी जे वाचायला घेतले त्यातून पुढील प्रकरण उभे राहिले. गेल्या जूनमध्ये या वडिलांना "एक पाऊस थांबा" असे मी म्हणालो, ते त्याच प्रकरणाच्या आधारावर.

हे प्रकरण कुस्तीचे नाही आणि आपल्या हवामानाचेही नाही. ऑस्ट्रियाचा हर्मान मायर हा अल्पाइन स्कीइंगमधील, म्हणजे बर्फाच्या उतरणीवरून पायाला लांब फळ्यांसारख्या पट्ट्या बांधून घसरत जाण्याच्या शर्यतीतील, सर्वांत मोठ्या विजेत्यांपैकी एक. विश्वचषक मालिकेत ५४ शर्यतींतील विजय, मालिकेचे एकूण विजेतेपद चार वेळा, ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदके आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील तीन सुवर्णपदके त्याच्या नावावर आहेत. कोल्हापूरच्या वाचकाला या खेळाचे एकच अंग नीट समजले तरी पुरे आहे. डाउनहिल या सर्वांत वेगवान प्रकारात धावपटू ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेगाने येतो. सुपर-जी आणि जायंट स्लॅलममध्ये रोवलेल्या काठ्यांच्या दारांमधून त्याला वळणे घ्यावी लागतात, आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात लागतो. हा सगळा वेळ धावपटू अर्ध्या बैठकीत असतो. प्रत्येक वळणावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार बाहेरच्या बाजूच्या एका पायावर, म्हणजे मांडीवर आणि गुडघ्यावर येतो. ज्याने कधी दोनशे बैठकांनंतर अर्ध्यावर थांबून पाहिले असेल, त्याला या खेळात गुडघ्याचे मोल वेगळे सांगायला नको.

मायरचा जन्म ७ डिसेंबर १९७२ रोजी साल्झबुर्ग प्रांतातील आल्टेनमार्क्ट येथे झाला आणि तो जवळच्या फ्लाखाऊ या डोंगरी गावात वाढला. आईवडील तेथे स्कीइंगची शाळा चालवत, त्यामुळे बर्फ अंगणात आणि शिकवणारे घरात, अशी त्याची परिस्थिती होती. ज्या देशात हा खेळ राष्ट्रीय जिव्हाळ्याचा आहे तेथे गुणी मुलांना वेळेवर हेरून विशेष शाळांत घालण्याची पद्धत पक्की आहे; त्यानुसार मायरही पंधराव्या वर्षी श्लाडमिंग येथील स्कीइंगच्या शाळेत दाखल झाला. तेथून त्याला लवकरच परत पाठवण्यात आले. अंगाने तो फार लहान होता, बरोबरीच्या मुलांपुढे ताकद कमी पडत होती आणि वाढीच्या वयातील दुखण्याने त्याचे गुडघे धरले होते. या मुलाला या खेळात भवितव्य नाही, असा निष्कर्ष निघाला.

त्या गुडघ्यांच्या दुखण्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट ऑस्गुड आणि स्वित्झर्लंडमधील कार्ल श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचे वर्णन केले. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या वरच्या उंचवट्याला कंडऱ्याने बांधलेला असतो. वाढीच्या वयात तो उंचवटा अजून पुरता हाडाचा झालेला नसतो, कुर्चेचा असतो. मुलगा दिवसभर उड्या मारू लागला, बैठका घालू लागला, की तो बलदंड स्नायू त्या कोवळ्या जागेला सतत ओढत राहतो. मग तेथे सूज येते, दुखते आणि हळूहळू टणक गोळा तयार होतो. वाढ पुरी झाली, कुर्चेचे हाड झाले, की बहुतेकांचे दुखणे आपोआप थांबते आणि गोळा तेवढा निशाणीसारखा राहून जातो. म्हणजे ज्या गोष्टीकडे दोष म्हणून पाहिले गेले, ती त्या शरीराच्या घड्याळाची वेळ सांगत होती. मुलगा कच्चा नव्हता, त्याचे हाड त्याच्या वयाच्या इतरांपेक्षा उशिरा पिकत होते. हा फरक निवड करणाऱ्याच्या डोळ्याला सहज दिसत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून कबूल करतो.

पुढची सात-आठ वर्षे मायरच्या बहुतेक वृत्तांतांत दोन ओळींत आटोपतात, आणि मला तेथेच सर्वांत जास्त थांबावेसे वाटते. तो गवंडीकाम शिकला. उन्हाळ्यात विटा, सिमेंट, थापी आणि ओळंबा; हिवाळ्यात आईवडिलांच्या शाळेत पर्यटकांना स्कीइंग शिकवणे. या काळाकडे 'संघर्षाची वर्षे' म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे, परंतु प्रशिक्षकाच्या नजरेने पाहिले तर त्यात तीन निश्चित गोष्टी घडत होत्या. शरीर वाढत होते, आणि ओझी उचलण्याच्या कामाने ते सावकाश, कोणत्याही स्पर्धेच्या तारखेची घाई न होता, भरत होते. बर्फावरचा पाय सुटला नव्हता, कारण शिकवणारा माणूस दिवसातून कितीदा तरी उतरणीवरून खाली येतो. आणि पोटाचा प्रश्न सुटलेला असल्यामुळे खेळ सोडण्याची सक्ती त्याच्यावर कधी आली नाही. यांपैकी एकही गोष्ट निवडणाऱ्या यंत्रणेने त्याला दिलेली नव्हती. ती घरची पुण्याई होती, आणि हे स्पष्ट लिहून ठेवले पाहिजे, नाहीतर 'ज्याच्यात दम असतो तो कसाही वर येतोच' हे सोयीचे वाक्य आपण या उदाहरणावरूनही काढू.

६ जानेवारी १९९६ रोजी विश्वचषक मालिकेतील जायंट स्लॅलमची एक शर्यत फ्लाखाऊमध्येच होती. अशा शर्यतीपूर्वी काही धावपटू स्पर्धकांच्या आधी त्याच मार्गावरून खाली येतात. मार्ग व्यवस्थित आहे ना, बर्फ धरते आहे ना, वेळ मोजणारी यंत्रे चालू आहेत ना, हे त्यांच्या धावेवरून तपासले जाते. त्यांना अग्रधावक म्हणता येईल. त्यांची वेळ निकालात धरली जात नाही, गळ्यात पदक पडत नाही, आणि प्रेक्षकही बहुधा त्या वेळी जागा शोधत असतात. तेवीस वर्षांचा गवंडी मायर त्या दिवशी असा अग्रधावक म्हणून उतरला. त्याची वेळ निकालात धरली असती तर तो बाराव्या क्रमांकावर आला असता, आणि त्या शर्यतीत जगातील सर्वोत्तम धावपटू होते.

हा क्षण मला या संपूर्ण कारकिर्दीचा कणा वाटतो. त्या दिवशी कोणी त्याची उंची मोजली नाही, कोणी गुडघा दाबून पाहिला नाही, पंधराव्या वर्षाचा अहवाल उघडला नाही. तेच अंतर, तीच दारे, तेच बर्फ आणि तेच घड्याळ होते, आणि त्यावर उमटलेला आकडा नाकारणे कोणालाही शक्य नव्हते. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांनी त्याला युरोपीय चषक मालिकेत घेतले आणि त्याच हंगामात तो ती मालिका जिंकला. फेब्रुवारी १९९६ मध्ये हिंटरश्टोडर येथे विश्वचषक मालिकेत त्याचे पदार्पण झाले. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी, जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे सुपर-जी शर्यतीत, त्याने पहिला विजय मिळवला. तेव्हा त्याचे वय चोवीस होते. ज्यांना पंधराव्या वर्षी निवडले गेले होते, त्यांच्यापैकी अनेकांची उमेद त्या वयापर्यंत संपलेली असते.

पुढचे यश थोडक्यात सांगता येते, कारण ते नोंदींत सुरक्षित आहे. १९९८, २००० आणि २००१ मध्ये तो मालिकेचा एकूण विजेता ठरला. या मालिकेत प्रत्येक शर्यतीच्या विजेत्याला १०० गुण मिळतात आणि तिसाव्या क्रमांकाला एक. १९९९-२००० च्या हंगामात मायरने बरोबर २००० गुण मिळवले, आणि पुरुषांमधील हा विक्रम स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटने २०२३ मध्ये २०४२ गुण करीपर्यंत टिकला. २०००-०१ मध्ये त्याने एका हंगामात तेरा शर्यती जिंकून स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कची बरोबरी केली.

जगाच्या स्मरणात मात्र तो दोन अपघातांमुळे राहिला. १३ फेब्रुवारी १९९८ रोजी, नागानो ऑलिम्पिकच्या डाउनहिल शर्यतीत, जपानमधील हाकुबाच्या उतरणीवर सुरुवातीच्याच एका वळणावर त्याचा तोल गेला. तो हवेत आडवा फेकला गेला, डोक्याखांद्यावर आपटला आणि सुरक्षेच्या जाळ्या फोडून पलीकडच्या बर्फात जाऊन पडला. काही क्षणांनी तो स्वतःच्या पायांनी उठला. खराब हवामानामुळे पुढची शर्यत लांबली, आणि तीन दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, दुखऱ्या गुडघ्याने आणि खांद्याने तो सुपर-जीमध्ये उतरून सुवर्णपदक घेऊन गेला; १९ तारखेला जायंट स्लॅलमचे सुवर्णही त्याचेच होते. हे धैर्य खरे आहे आणि मी त्यापुढे नतमस्तक आहे. परंतु तालमीतील पोरांना मी हा प्रसंग सांगत नाही. आपल्याकडे दुखऱ्या गुडघ्यावर पट्टी बांधून मैदानात उतरण्याचे कौतुक आधीच इतके आहे की त्याला ऑलिम्पिकचा दाखला जोडण्याची गरज नाही. शिवाय पंचविशीतील पूर्ण वाढलेल्या हाडाने जे सोसले ते पंधराव्या वर्षीच्या कोवळ्या हाडाकडून मागता येत नाही.

दुसरा अपघात अधिक बोलका आहे. २४ ऑगस्ट २००१ रोजी सरावानंतर मोटारसायकलवरून घरी परतत असताना राडश्टाटजवळ त्याची एका मोटारीशी धडक झाली आणि उजवा पाय गुडघ्याखाली इतका चिरडला गेला की तो कापावा लागेल की काय, अशी वेळ आली. शस्त्रक्रिया सात तास चालली आणि नडगीच्या हाडात टायटॅनियमची सळई घालावी लागली. २००१-०२ चा संपूर्ण हंगाम आणि त्यातील सॉल्ट लेक सिटीचे ऑलिम्पिक त्याच्या हातून गेले. जानेवारी २००३ मध्ये तो स्वित्झर्लंडच्या आडेलबोडेन येथे परतला, तेव्हा दुसऱ्या फेरीतही पोहोचू शकला नाही. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २७ जानेवारी २००३ रोजी, किट्सब्यूल येथील सुपर-जी त्याने जिंकली. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅरिसला टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या सुरुवातीच्या छोट्या टप्प्यावर तो स्पर्धकांच्या आधी पाहुणा म्हणून सायकल चालवत गेला. पुन्हा अग्रधावक! २००४ मध्ये चौथ्यांदा मालिकेचा एकूण विजेता, २००५ मध्ये बोर्मिओ येथे जायंट स्लॅलमचा जगज्जेता, २००६ मध्ये तुरीन ऑलिम्पिकमध्ये एक रौप्य आणि एक कांस्य, असा तो चालत राहिला. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅनडातील लेक लुईझ येथे त्याने चौपन्नावा विजय मिळवला आणि १३ ऑक्टोबर २००९ रोजी, छत्तिसाव्या वर्षी, निवृत्ती घेतली.

या परतीचे श्रेय बहुतेक जण त्याच्या जिद्दीला देतात. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या माणसाला एकदा, ऐन कोवळ्या वयात, शरीर तयार होईपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागले आहे, त्याला मोडलेले शरीर पुन्हा कणाकणाने उभे करण्याचे काम परके वाटत नाही. हे सिद्ध करता येणार नाही, हे मला कळते. एका माणसाच्या आयुष्यावरून नियमही काढता येत नाही, कारण श्लाडमिंगसारख्या ठिकाणांहून परत गेलेली आणि पुन्हा कधीच न दिसलेली मुले कोणत्याही नोंदवहीत नाहीत. मध्यवर्ती बसस्थानकावर भेटलेला माझा विद्यार्थीही कोणत्याच नोंदीत नाही.

आपल्याकडे परत पाठवणे आणि मायरला परत पाठवणे यांत एक मोठे अंतर आहे. मायर परत गेला तो पुन्हा बर्फावरच गेला. भुदरगडचा हा मुलगा परत गेला असता तर ज्या गावी गेला असता, तेथील तालीम काही वर्षांपासून कुलूपबंद आहे आणि हौद्यात शेणी रचलेल्या आहेत. त्याच्यासाठी 'घरी जा' याचा अर्थ 'खेळ सोड' एवढाच होतो. म्हणून नाकारण्याचा अधिकार वापरताना आपली जबाबदारी श्लाडमिंगच्या शिक्षकांपेक्षा जड आहे. आणि लहान अंगाचे म्हणाल तर, ज्या खाशाबा जाधवांचे नाव आपण प्रत्येक मैदानात घेतो, जे राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते, त्यांचे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधील कांस्यपदक ५७ किलोपर्यंतच्या गटातले आहे. खासबाग मैदानात मोठ्या जोडीकडे डोळे लावून बसण्याच्या सवयीत ही गोष्ट आपण विसरतो.

तालमीत प्रत्यक्ष काय केले ते लिहितो. अस्थिरोगतज्ज्ञांनी दुखणे ऑस्गुड-श्लॅटरच असल्याचे सांगितल्यावर सहा आठवडे बैठका, सपाट्या आणि उड्या पूर्ण बंद केल्या. त्याऐवजी दोर चढणे, हातांची पकड, मानेची मेहनत आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला सावकाश ताण देण्याचे व्यायाम ठेवले. सरावानंतर फडक्यात बांधलेला बर्फ दहा मिनिटे. जोर चालूच राहिले. पहिल्या आठवड्यात बैठका नाहीत म्हणून तो मुलगा अक्षरशः रडवेला झाला होता, कारण ज्याला बैठका नाहीत त्याला पैलवान कोण म्हणणार, ही भीती. मग वस्तादांनी स्वतः त्याला माती उकरण्याचे आणि त्यात ताक, तेल, हळद व लिंबू मळण्याचे काम दिले. वस्ताद स्वतःहून हे काम ज्याला देतात त्याला हाकलत नाहीत, हे पोरांना ठाऊक असते.

नोंदवहीत मी एक नवा रकाना काढला आहे. वजन आणि वय यांच्या शेजारी आता दर तीन महिन्यांची उंची येते, म्हणजे वाढीचा झपाटा कोणाचा सुरू झाला, कोणाचा व्हायचा आहे आणि कोणाचा सरला, ते दिसते. तेराव्या वर्षी दाढी फुटलेल्या पोराने चिटपट केलेल्या मुलाकडे त्यामुळे वेगळ्या नजरेने पाहता येते. दुसरी गोष्ट वस्तादांना पटवायला वेळ लागला. स्पर्धेसाठी निवड करण्याआधीच्या शुक्रवारी, यादीत नसलेल्या प्रत्येक मुलाची यादीतील कोणा एकाशी, त्याच वजनात, मॅटवर एक लढत होते. शिट्टी असते, घड्याळ असते आणि गुण लिहिले जातात. त्यावरून कोणाला काढले किंवा घेतले जाईलच असे नाही. पण आकडा कागदावर राहतो. "अशानं यादीतली पोरं बिचकतील," असे वस्ताद पहिल्यांदा म्हणाले होते. दोन-चार पोरे बिचकली, हे खरे आहे.

वडिलांनी खुराकाच्या पैशांऐवजी दर महिन्याला तांदूळ आणून टाकायचे ठरवले आणि वस्तादांनी ते मान्य केले. मुलगा या मार्चअखेर ४९ किलोंचा झाला, उंची गेल्या जूनपासून पाच सेंटिमीटर वाढली आहे. उंचवटे तसेच आहेत. मातीवर गुडघे टेकले की अजून दुखते, बैठकांना मात्र दुखत नाही. शुक्रवारच्या सहा लढतींपैकी चार तो हरला आणि दोन जिंकला, त्यांतली एक यादीत पहिला असलेल्या मुलाविरुद्ध. पुढचे माप १५ जूनला घ्यायचे आहे.